फितीवरची साय

नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर हे गोदावरीचे उगमस्थान. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली ही नदी नाशिक ओलांडते आणि पुढे वैजापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहत मराठवाड्यात शिरते. या त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी एका विद्वान शास्त्र्यांच्या घरी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. हेच पुढे भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके म्हणून विख्यात झाले.

धुंडिराज दीड वर्षाचे झाले नाहीत तोच, १८७१ साली, दूर इंग्लंडात एक घटना घडली. रिचर्ड मॅडॉक्स नावाच्या डॉक्टरांनी छायाचित्राच्या काचेवर जिलेटिनचा थर देण्याची कल्पना प्रसिद्ध केली. प्रकाश टिपणारे चांदीचे क्षार या थरात कालविलेले होते. त्र्यंबकच्या त्या बालकाचा आणि या थराचा काही संबंध येईल, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसते. पण दादासाहेबांच्या आयुष्यातील कितीतरी उद्योग याच मऊ, चिकट पदार्थाशी निगडित झाले. म्हणून त्यांची कथा समजून घ्यायची, तर प्रथम या पदार्थाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

सुताराच्या कामठ्यावर सरस सर्वांनी पाहिला असेल. त्याचा तुकडा वाळलेला असताना काचेसारखा कडक असतो. तो रात्रभर थंड पाण्यात ठेवला, की फुगून मऊ होतो. पण विरघळत नाही. तेच पाणी तापविले, की त्याचा रस होतो. रस निवला, की पुन्हा थलथलीत गोळा तयार होतो. जिलेटिन हा सरसाचाच शुद्ध प्रकार होय. जनावरांची हाडे आणि कातडी यांपासून तो काढतात. सुके जिलेटिन आपल्या वजनाच्या पाच ते दहा पट पाणी सहज शोषून घेते.

असे का होते? जिलेटिनचे रेणू लांब धाग्यांसारखे असतात. थंडीत हे धागे जागोजागी एकमेकांभोवती पीळ घालतात. तीन-तीन धाग्यांच्या वेणीसारखे हे पीळ असतात. त्यांमुळे धाग्यांचे एक जाळे बनते आणि जाळ्याच्या घरांत पाणी साठून राहते. पण हे पीळ गाठ मारून पक्के केलेले नसतात. पाणी गरम झाले, की ते उलगडतात, जाळे विस्कटते आणि घट्ट गोळ्याचा पातळ रस होतो. शिवाय पाणी जितके जास्त आत शिरते, तितके जाळे ताणले जाते आणि पदार्थ दुबळा होतो. थोडे फुगणे हा जिलेटिनचा गुण आहे, अति फुगणे हा त्याचा दोष. हा गुण राखून दोष आवरायचा कसा, हा प्रश्न छायाचित्रकलेत फार महत्त्वाचा होता.

धुंडिराजांना लहानपणापासून चित्रकलेची आवड होती. वडील दाजीशास्त्री मुंबईस संस्कृतचे अध्यापक झाले, तेव्हा कुटुंब मुंबईस आले. १८८५ साली धुंडिराजांनी जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथून ते थोरले बंधू शिवरामपंत यांच्यासह बडोद्यास गेले. तेथील कलाभवनात त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि एक कॅमेरा मिळवून छायाचित्रे काढण्याचे व ती धुण्याचे प्रयोग सुरू केले.

कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते. शास्त्र आणि हस्तकौशल्य यांची सांगड घातल्याशिवाय देशात उद्योग उभे राहणार नाहीत, अशी त्यांची श्रद्धा होती. या होतकरू तरुणाची चिकाटी त्यांच्या नजरेत भरली. त्यांनी धुंडिराजांना रतलामला बाबुलाल वरुवलकर यांच्याकडे पाठविले. तेथे धुंडिराज तीन रंगांचे ठसे करणे, छायाचित्र दगडावर उतरवून छापणे आणि कॉलोटाइप या कला शिकले. पुढे गज्जरांनी कलाभवनाची प्रयोगशाळाही त्यांना वापरू दिली.

कॉलोटाइप ही छपाईची रीत मोठी विलक्षण आहे. काचेवर जिलेटिनचा थर देतात. त्यात डायक्रोमेट नावाचा क्षार मिसळलेला असतो. या थरावर छायाचित्राची उलट प्रत ठेवून त्यावर प्रकाश पाडला, की जेथे प्रकाश लागतो तेथील जिलेटिन कठीण होते. मग थर ओला केला, तर कठीण झालेला भाग पाणी घेत नाही. राहिलेला भाग मात्र पाणी पिऊन फुगतो. त्यावर तेलकट शाई फिरविली, की ओला भाग शाई झिडकारतो आणि कठीण भाग ती स्वीकारतो. त्यावर कागद दाबला, की चित्र उमटते. कोठे किती फुगू द्यायचे आणि कोठे मुळीच फुगू द्यायचे नाही, यावर ही सारी किमया अवलंबून असते. पाणी जरा अधिक झाले किंवा हवा जरा तापली, तर काच वाया जाते. ही विद्या नुसत्या वाचनाने येत नाही. ती बोटांना शिकवावी लागते.

१८९५ च्या सुमारास धुंडिराज छायाचित्रकार म्हणून गोध्र्यास गेले. धंद्याचा जम बसत होता. इतक्यात तेथे प्लेगची साथ आली आणि १९०० साली त्यांची पत्नी व मूल दोघेही तिला बळी पडली. दुःखी मनाने ते बडोद्यास परतले. पण तेथे कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो, असा खुळा समज पसरला होता. लोक छायाचित्र काढून घेण्यास भीत. मग त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. जादूचे खेळ शिकून तेही करून पाहिले. १९०२ साली त्यांनी दुसरा विवाह केला. या पत्नीचे सासरचे नाव सरस्वतीबाई. पुढील वर्षी त्यांना पुराणवस्तू संशोधन खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली.

ती नोकरीही त्यांनी १९०६ साली सोडली आणि लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छापखान्यासाठी ते ठसे उतरवून देत. पुढे हा छापखाना मुंबईस दादर येथे आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली दादासाहेब जर्मनीस जाऊन आले. छापखान्याचा नावलौकिक वाढला. परंतु भागीदाराशी त्यांचे मतभेद झाले आणि जो उद्योग त्यांनी हाताने उभारला होता, त्यातून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले.

चाळिशी उलटलेली, पदरी मुलेबाळे, हाती पैसा नाही. चित्रकार, छायाचित्रकार, जादूगार, सरकारी नोकर, छापखानदार, असा त्यांचा प्रवास झाला होता. आप्तेष्टांना हा माणूस धरसोडीचा वाटला असल्यास नवल नाही. पण या उद्योगांकडे नीट पाहिले, तर त्यांतील बहुतेकांत एकच सूत्र दिसते. छायाचित्राची काच असो, कॉलोटाइप असो की रंगीत ठसा असो, प्रकाश, रसायने आणि त्यांना धरून ठेवणारा नाजूक थर यांच्याशीच त्यांचा व्यवहार चालला होता. जणू न कळत ते पुढच्या एका मोठ्या कामाची तयारीच करीत होते.

ते काम १९११ साली त्यांच्यापुढे उभे राहिले. ईस्टरच्या सुमारास मुंबईतील एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हालत असता दादासाहेबांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण हालू लागले. आपल्या पुराणांतील कथा अशा पडद्यावर का येऊ नयेत, हा एकच ध्यास त्यांनी घेतला. ते दररोज चार-पाच तास चित्रपट पाहू लागले आणि उरलेल्या वेळात त्याच विषयाचा अभ्यास करू लागले. अतिश्रमाने त्यांच्या डोळ्यांवर परिणाम होऊन काही काळ त्यांना दिसेनासे झाले. सुदैवाने उपचारांनी दृष्टी परत आली. ती परत येताच त्यांनी आपल्या विमा पॉलिसी गहाण ठेवून दहा हजार रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले.

लंडनमध्ये त्यांनी चित्रपट कसा तयार होतो, हे प्रत्यक्ष पाहिले. पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. कोरी फीत आणि फितीला भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदविली. १ एप्रिल १९१२ रोजी ते परत आले. पैसे पुरविणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी प्रथम एक छोटी चित्रफीत तयार केली. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याला अंकुर फुटतो, त्याचा वेल होतो, हे अनेक दिवसांचे दृश्य एका मिनिटाच्या आसपास दिसू लागले. ते पाहून कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही या कार्यासाठी दिले. त्यानंतर ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे काम सुरू झाले.

या कामातील अडचणी अनेक होत्या. चित्रपटात काम करण्यास स्त्रिया तयार होईनात. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला तारामतीची भूमिका द्यावी लागली. दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र हा रोहिदास झाला. कंपनीतील सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. कोऱ्या फितीला भोके पाडणे, रसायने मिसळणे ही कामेही त्या शिकल्या.

परंतु सर्वांत अवघड परीक्षा अंधारखोलीत होती. चित्रपटाची फीत म्हणजे सेल्युलॉइडची पट्टी आणि तिच्यावर जिलेटिनचा थर. सुका असताना हा थर मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांइतका पातळ असतो. दुधावर धरलेल्या सायीहूनही कितीतरी पातळ. कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य या सायीतच दडलेले असते. ते प्रकट व्हावे म्हणून फीत रसायनांच्या द्रावणांत बुडवावी लागते. थर फुगला नाही, तर रसायन आत पोहोचत नाही आणि चित्र उमटत नाही. थर फार फुगला, तर तो मऊ पडतो. बोटाचा धक्का लागला तरी त्यावर ओरखडा उठतो. पाण्याच्या उष्णतेत एकदम फरक पडला, तर त्यावर जाळीदार सुरकुत्या पडतात. पाणी फारच गरम असेल, तर सायच पट्टीवरून सुटून जाते आणि तिच्याबरोबर चित्रही जाते.

युरोपात ही द्रावणे सुमारे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवीत. तेथील थंड हवेत ते अवघड नव्हते. आपल्याकडे मुंबईचे नळाचे पाणीही त्याहून पुष्कळ उष्ण असते. वैजापूरसारख्या ठिकाणी वैशाखातल्या दुपारी उघड्यावर ठेवलेल्या हंड्यातील पाण्याला हात लावला, तर हा प्रश्न किती बिकट होता याची कल्पना येईल. थंडीसाठी बनविलेली ती साय आमच्या उन्हाळ्यात टिकायची कशी?

उष्ण प्रदेशांतील छायाचित्रकारांनी यावर हळूहळू उपाय शोधून काढले होते. पहिला उपाय साधा. काम रात्री किंवा पहाटे, पाणी थंड असताना करावे; जमल्यास द्रावणाच्या भांड्याभोवती बर्फ ठेवावा. दुसरा उपाय असा, की द्रावणात सोडियम सल्फेटसारखा क्षार भरपूर घालावा. मग तो क्षारच पाणी धरून ठेवतो आणि जिलेटिनमध्ये फार पाणी शिरू देत नाही. तिसरा उपाय तुरटीचा. गढूळ पाणी निवळणारी आपल्या घरातील तुरटी येथेही उपयोगी पडते. तिच्याहून प्रभावी ती जांभळ्या खड्यांची क्रोम तुरटी. तिच्यातील क्रोमियम जिलेटिनच्या एका धाग्याला दुसऱ्या धाग्याशी बांधून टाकते. नुसत्या पिळाने धरलेल्या जाळ्याला जणू गाठी बसतात. मग जाळे फार ताणले जात नाही आणि उष्ण पाण्यातही विस्कटत नाही. कातडी कमावणारे कारागीरही क्रोमियमचा उपयोग करतात. कच्चे कातडे पाण्यात फुगते व कुजते. कमावलेल्या कातड्याची चप्पल पावसातही टिकते. दोहोंचे मर्म एकच आहे. मात्र येथेही तारतम्य लागते. थर प्रमाणाबाहेर कठीण केला, तर रसायनाला आत वाट मिळत नाही आणि फीत ठिसूळ होते.

हे तारतम्य पुस्तकातून मिळण्यासारखे नव्हते. दादासाहेबांच्या गाठी मात्र अंधारखोलीतला वीस वर्षांचा अनुभव होता. चित्रपटकला त्यांना नवी होती. पण फितीवरची साय त्यांच्या जुन्या ओळखीची होती. कॉलोटाइपच्या काचांनी त्यांच्या बोटांना जे शिकविले होते, ते आता उपयोगी पडले. दिवसा चित्रण करावे आणि रात्री घरातच फीत धुवावी, असा क्रम सहा महिन्यांहून अधिक काळ चालला. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट झाली. एका फुटात १६ चित्रे असतात. म्हणजे जवळजवळ ५९ हजार चित्रे या अंधारखोलीतून सुखरूप बाहेर यावयाची होती. शिवाय मूळ फितीवरून पडद्यासाठी दुसरी प्रत काढावयाची, म्हणजे तेच कष्ट पुन्हा एकदा. एखादी लांबी बिघडली असती, तर गेलेला दिवस, गेलेला पैसा आणि नटांचे श्रम सारेच पाण्यात गेले असते. गहाण ठेवलेला विमा आणि पत्नीचे दागिने त्या पातळ सायीवर तोलून धरलेले होते.

साय टिकली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला आणि लोकांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले. कॅमेऱ्याला भिणाऱ्या लोकांच्या देशात आता पडद्यावर आपलेच राजे आणि आपलेच ऋषी चालू-बोलू लागल्यासारखे दिसत होते. त्यानंतर दादासाहेब नाशिकला आले. १९१४ साली त्यांनी आपले चित्रपट लंडनला नेऊन दाखविले, तेव्हा त्यांतील तांत्रिक सफाईची तेथे वाखाणणी झाली. घरातल्या अंधारखोलीत, उष्ण हवेत धुतलेल्या फितींची ती पावती होती.

‘लंका दहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’, ‘कालिया मर्दन’ हे त्यांचे चित्रपट फार लोकप्रिय झाले. १९१८ साली नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. पण यश आले तरी विसावा आला नाही. भागीदारांशी मतभेद झाले; काही काळ ते सर्व सोडून काशीस जाऊन राहिले आणि पुन्हा परत आले. पुढे बोलपट आले आणि मूकपटांचे युग संपले. १९३७ साली कोल्हापूर येथे काढलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ भारत सरकार १९६९ सालापासून चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देत आहे. १९७१ साली त्यांच्या नावाचे टपालतिकीटही निघाले.

दादासाहेबांच्या बहुतेक फिती आज उपलब्ध नाहीत. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाच्या चार रिळांपैकी केवळ पहिले आणि शेवटचे रीळ राहिले आहे. ती रिळेही १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. काही असले तरी, शंभर वर्षांपूर्वी त्या सायीने धरलेले चित्र आजही पाहता येते.

ज्या प्रश्नाशी त्या काळचे छायाचित्रकार झगडत होते, तो प्रश्न आजही शास्त्रज्ञांपुढे आहे. पाणी धरून ठेवणाऱ्या अशा जाळीदार पदार्थांना आता हायड्रोजेल म्हणतात. डोळ्यांवर बसविण्याची मऊ भिंगे आणि भाजलेल्या जखमेवरील ओलसर पट्ट्या यांसाठी ते वापरतात. ज्या हायड्रोजेलचे धागे केवळ पिळाने किंवा दुबळ्या ओढीने धरलेले असतात, ते शरीरातील उबेत आणि ओलाव्यात लवकर फुगतात व फाटतात. त्यांना कणखर करण्यासाठी शास्त्रज्ञ कधी ते गोठवून पुन्हा वितळवितात, कधी तीव्र क्षारद्रावणात बुडवून त्यांतील पाणी आवरतात, कधी धातूच्या कणांनी धाग्यांना धागे जोडतात. साधने नवी आहेत. पण पाणी आत घ्यावे आणि तरीही मोडू नये, ही अट जुनीच आहे.

दादासाहेबांनी कोणतेही काम क्षुल्लक मानले नाही. रतलामच्या छपाईत, लोणावळ्याच्या ठशांत, गोध्र्याच्या काचांत त्यांनी जे मन लावून शिकून घेतले, त्याचा उपयोग पुढे कोठे होईल, हे त्यांना ठाऊक नव्हते. प्रत्येक धंदा मोडला, पण त्यातील विद्या त्यांच्या हाती राहिली. ज्या दिवशी तिची गरज पडली, त्या दिवशी ती कामास आली आणि भारताला आपला चित्रपट मिळाला.